हाकेच्या टेपाडाला आलेलं गिऱ्हाईक

कुरवंडे,
गौरी-गणपती गेल्याला आज दहावा दिवस.

तीर्थस्वरूप रखमाभाऊ यांच्या पायांशी धाकट्या जानूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील.) वहिनींनाही नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत? चंद्रपूरला अजून कूलर चालू आहे असं सत्यम परवा फोनवर म्हणाला. तुमचाच मुलगा, तेव्हा खोटं बोलणार नाही. इथं आम्ही गोधड्यांत आहोत, अंगणात शेवाळ आहे, काड्यापेटी चुलीशेजारी ठेवली तरी सादळते आणि तुमची भावजय रतन मला तुमच्याइतकीच बोलते. एकूण सर्व कुशल आहे.

या जमान्यात पत्र कशाला, असं विचाराल. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही "सही झाली का?" एवढंच लिहिता, आणि मी उत्तरादाखल चार ओळी लिहिल्या की नुसता एक अंगठा पाठवता. अंगठ्याशी माणसानं बोलायचं तरी काय? तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. आबांच्या मागं कड्यावरचं हाकेचं टेपाड आपल्या दोघांच्या नावावर आलं, तिथं नाचणीसुद्धा धड पिकत नाही, कैलासशेठना तिथं हॉटेल बांधायचंय, आणि त्यातून वहिनींच्या गुडघ्यांसाठी लिफ्टवाला फ्लॅट होईल. तेव्हा, "जानू, शेठना दोन दिवस लोणावळा दाखव, टेपाडावरून खालचं कोकण दाखव आणि सही करून मोकळा हो." भाऊ, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिलाय? (तो बैल विकायचा राहिला ते सोडून. ते जुनं झालं.)

तर शेठ आले. पिंपरीचे, पन्नाशीचे, माणूस वाईट नाही. गाडी पांढरी, बूट पांढरे, आणि नशिबानं धुकंही पांढरं. बरोबर त्यांच्या मंडळी राजेश्वरीबाई. गाडीतून उतरताच शेठ म्हणाले, "व्ह्यू नाही तर व्यवहार नाही." मी म्हटलं, व्ह्यूला काय तोटा! तीस वर्षं बाजारात चिक्कीच्या दुकानात उभा राहून मी अख्ख्या महाराष्ट्राला पॉइंटांचे रस्ते सांगितले. "डावीकडं वळा, मग सरळ, पुढं कुणालाही विचारा." तुम्ही स्वतः शेवटचे तिथं कधी गेला होता, असं मला कुणी विचारलं नाही म्हणून अब्रू राहिली. राजमाची पॉइंटला मी चौथीच्या सहलीनंतर गेलेलोच नव्हतो. गावच्या माणसानं पॉइंट बघायला जायचं म्हणजे स्वतःच्याच घरी तिकीट काढून शिरण्यासारखं वाटतं.

पहिला मान म्हणून तिथंच नेलं. कठडा पोटाला लागला तेव्हा कळलं की पॉइंट आला. पुढं काही नाही. मागंही काही नाही. शेठ हात लांब करून आपली बोटं मोजत होते. तेवढ्यात धुक्यातून दुर्बीण आली आणि तिच्यामागून राजमहंमद आला. (तोच, तुमच्या वर्गातला, पाटीवर तुमचं बघून लिहायचा आणि तुमच्यापेक्षा जास्त मार्क मिळवायचा. हल्ली तिथं दुर्बीण घेऊन उभा असतो.) शेठनी विचारलं, यातून काही दिसेल का?

"पांढरंच दिसंल, शेठ," तो म्हणाला. "पण ह्यातनं मोठं दिसंल."

आणि भाऊ, शेठनी खरंच डोळा लावला! राजेश्वरीबाई हसून हसून कठड्याला टेकल्या. निघताना राजमहंमदनं माझा हात धरला. "रखमाजी कवा येतोय? मोतीबिंदू व्हायच्या आत ये म्हणावं. न्हाईतर मंग आमी दोघं बी पांढरंच बघू." निरोप जसाच्या तसा देतोय.

तिथून लायन्स पॉइंट. तिथंही तेच. शेठना शंका आली की मी त्यांना गोल फिरवून पुन्हा पहिल्याच जागी आणलं. कणीस खाऊन आम्ही भुशी धरणावर आलो. पायऱ्यांवरून फेसाळ पाणी धो धो येत होतं आणि त्यात माणसं बसली होती. पोरं, जावई, सासवा, सगळे एका रांगेत, सगळे ओरडणारे. शेठनी पँट दुमडली, पाण्यात बसले आणि दुसऱ्याच मिनिटाला लहान झाले. (एक बूट गेला. दुसरा त्यांनी काठावर ठेवून दिला, जोडीला जोडी मिळेल म्हणून.) माझ्या शेजारी जालन्याकडची एक म्हातारी होती. तिनं ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि मला विचारलं, "हे रोज येतं?" मी म्हटलं, चार महिने रोज. तिनं पुन्हा ओंजळ भरली. भाऊ, हेच पाणी माझ्या पत्र्यातून गळतं आणि मी त्याला शिव्या देतो. त्या बाईपुढं मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याची लेणी. लेण्यांचा एक फायदा, आत धुकं शिरत नाही. पायऱ्या चढताना शेठ प्रत्येक वळणावर "आलं का?" विचारत होते आणि मी "हे काय, आलंच" म्हणत होतो. मग आत गेलो, आणि तिघांच्याही माना वर झाल्या. केवढी ती उंची! ते खांब, खांबांवर बसलेले हत्ती, आणि वर छताला लाकडाच्या कमानी. दोन हजार वर्षांचं लाकूड, भाऊ! आपल्या गोठ्याचा वासा तीन पावसाळ्यांत भुगा झाला. कुणी कापलं असेल, कुणी वर चढवलं असेल, त्याला घरी गेल्यावर बायकोनं जेवायला काय वाढलं असेल? मी तीस वर्षं लोकांना "लेणी चारपर्यंत बघून घ्या" सांगत आलो, आणि स्वतः साठीला टेकल्यावर बघतोय. डोळ्यांत पाणी आलं. राजेश्वरीबाईंना मी सर्दी म्हणून सांगितलं.

दुपारी जेवायला घरी आणलं. रतननं चिंबोऱ्यांचा रस्सा आणि इंद्रायणीचा भात केला होता. शेठ तीनदा भात घेऊन उठले, म्हणजे उठवले. मग टेपाडावर गेलो. सोनकी फुललीय, सगळं टेपाड पिवळं झालंय, पण पंधरा पावलांपुढं जग संपलेलं. राजेश्वरीबाईंनी विचारलं, हाकेचं टेपाड असं नाव का? मी त्यांना आबांचं सांगितलं. आबा गुरं घेऊन तिथं उभे असायचे, आणि धुकं फाटलं की घराकडं तोंड करून हाक मारायचे, "उघाडलंऽऽ!" की आई पिठाच्या हातांनी धावायची, तुम्ही मला बखोटीला धरून पळायचात, पाहुणा असला तर तोही जेवण टाकून पळायचा. ज्याला दिसलं त्यानं हाक मारायची, एकट्यानं बघायचं न्हाई, हा आबांचा नियम. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग रतन त्यांना ओटी भरायला घरी घेऊन गेली आणि शेठ गाडीत जाऊन बसले.

पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. शेठनी काच खाली केली, चहूकडं पाहिलं, म्हणाले, "जानूभाऊ, दोन दिवसांत मला फक्त कापूस दिसला." आणि गेले. सही झाली नाही. यात माझा काही दोष नाही, हे आपण मोठ्या मनानं समजून घ्याल. धुक्यापुढं कुणाचं चाललंय?

आपला आज्ञाधारक धाकटा भाऊ,
जानू

ता. क. सोबत शेंगदाण्याची चिक्की पाठवली आहे. वहिनींनी दातांच्या बेतानं खावी.

ता. क. दुसरा. भाऊ, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण सगळं लिहिलेलं नाही. चार वाजता वारा पडला. मी कड्यावर एकटा होतो. आधी नागफणीच्या सुळक्याचा काळा कातळ पुढं आला, ओला, इतका जवळ की मी मागं सरलो. मग पायाखालचं पांढरं निघून गेलं आणि खाली अख्खं कोकण! चावणी गावाची कौलं, अंबा नदीची वळणं, भाताची खाचरं, आणि शेजारच्या कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर उडत होतं, तुम्ही ज्याला म्हातारीचे केस म्हणायचात ते. वीस वर्षं मी त्या कडेला गेलो नव्हतो. दुकान, घर, पत्रा, यातच गेली. तिथंच खाली बसलो. हाक गळ्यापर्यंत आली होती. गाडी वीस पावलांवर होती, शेठ आत घोरत होते, काचा बंद. मी हाक गिळली. दोन मिनिटांत सगळं मिटलं. रात्री रतनला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तीनदा भात उगंच वाढला व्हय? झोपावं म्हणूनच की!"

सहा दिवस झाले. आबांचा नियम मोडून एकट्यानं बघितलेलं पचत नाही. वहिनींच्या लिफ्टवर मी पाणी सोडलं, हेही पचत नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. राजेश्वरीबाईंचा फोन आला होता. दोघं ऑक्टोबरात पुन्हा येणार आहेत. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, लपवायला काही राहणार नाही, आणि मी लपवणारही नाही. संमतीचा कागद सोबत आहे. माझी सही केली आहे. तुमची जागा कोरी आहे. एवढंच मागणं की ती सही चंद्रपुरात बसून करू नका. वहिनींना घेऊन या, टेपाडावर बसा, आधी बघा, मग करा किंवा करू नका. मी तोंडातून शब्द काढणार नाही. घराला एकच पायरी होती, ती काल फोडून मी उतार केलाय. रतननं तीनदा चालून बघितला, गुडघा दुखत नाही म्हणते.

हाक सहा दिवस उशिरा मारतोय, पण मारतोय. भाऊ, उघाडलंऽऽ!