बुजवलेल्या फटी

बाबा, तुमचे डोळे गेले ते माझ्यामुळे. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, आता लिहायला माझं काय जातंय!

वकिलांची ती दोन माणसांची, बुटकी रेसची मोटार. इंग्रजी अमलात अख्ख्या अमरावतीत तशी एकच. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, आणि इंजिनाखाली नाकापासून पार मागपर्यंत पत्रा ठोकलेला. त्या पत्र्याला मागच्या अंगाला तुम्ही छिन्नीनं फटी पाडत होतात. मी विचारलं, विलायती मोटारीला कावून भोकं पाडता? तुम्ही खाली उताणे पडूनच खेकसलात, "अबे, रेडिएटरातून शिरलेली हवा बाहीर कुठून जाईन? तिले वाट नसली तं थे गरम हवा इंजिनापाशीच कोंडते. विलायतेत चालते थे. आपल्या वैशाखात पानी उकळीन."

पावसाळ्यात त्याच फटींतून आपल्या काळ्या मातीचा चिखल आत उडाला आणि वाळून इंजिनाला लिंपल्यासारखा बसला. वकील वैतागले. तुम्ही तेव्हा कापसाच्या जिनिंगचं इंजिन उघडायला आठ दिवस अकोल्यात. मी रॉकेलच्या डब्याच्या पट्ट्या कापल्या आणि रिपिटा मारून सगळ्या फटी बुजवून टाकल्या. वकील म्हणाले, "मिस्त्रीपेक्षा मिस्त्रीचा पोरगा हुशार निघाला राजेहो!" बावीस वर्षांचा घोडा मी, फुगलो. दिवाळीनंतर पट्ट्या काढू म्हटलं होतं. पण थंडीत मोटार झकास पळत होती, राहूनच गेलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही चारचौघांत माझी काढली असती, म्हणून.

वैशाखात वकिलांना अकोल्याच्या कोर्टात पोचायचं होतं. इंजिनाचा आवाज ऐकायला म्हणून तुम्ही शेजारी बसलात. मूर्तिजापूरच्या पुढं वाफ निघाली. वकिलांना उशीर होतोय, "उघडा, पाणी ओता" असा त्यांचा धोशा. तुम्ही ओलं पोतं धरून रेडिएटरचं झाकण फिरवता. थोडं निवू द्यायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. आणि उकळतं पाणी सरळ तुमच्या तोंडावर येतं. मी तिथं नव्हतो. तरी रोज पाहतो.

मोटार बैलांनी ओढून आणली, तसा आधी मी तिच्याखाली शिरलो. पट्ट्या उपटल्या, विहिरीत फेकल्या. मग तुमच्याकडं आलो. बाप खाटेवर विव्हळतोय आणि पोरगा पत्रा उपटतोय, असला नालायक मी! डोळ्यांवरच्या पट्ट्या निघाल्या, काहीच दिसेना, तरी तुमचा एकच घोर, "उकळलं कावून रे? फटी तं म्या पाडल्या होत्या." मी म्हटलं, "बाबा, निघताना तुमीच पानी कमी भरलं होतं."

तुम्ही हळूच म्हणालात, "असीन बा. म्हातारा झालो."

त्यानंतर तुम्ही कोणाला एक शब्द सल्ला दिला नाही. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगणारा माणूस तुम्ही, दारात मोटार थांबली की भिंत चाचपत आत निघून जायचात. लोक विचारायचे, मिस्त्री, ऐका ना जरा. तुम्ही म्हणायचात, "मले नाही समजत आता." अकरा वर्षं मी ते ऐकलं, आणि वर तोंड करून जेवलो. लाज वाटते हो बाबा, फार वाटते.

हे धाडायचं तरी कुठं? आणि खरं सांगू? तुम्ही असता, तरी हे तुम्हाला वाचून दाखवणारा मीच असतो. फटींचं तेवढं गाळून वाचलं असतं.