बोटांनी ओळखलेले आटे

अण्णा, आज सकाळी पावस गावाहून एक बाई पॉवर टिलरचं तुटकं ग्रीस निपल रुमालाच्या गाठीत बांधून दुकानात आल्या. मी ते हातात घेतलं, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि न मोजता बरणीतून त्याच्या जोडीचं काढून दिलं. बाई म्हणाल्या, "अगदी वडिलांसारखं गो तुझं." मी हसलेबिसले नाही. त्यांना वाटलं असेल, काय ही खडूस. मग दुपारभर कशात लक्ष लागेना, म्हणून लिहायला बसले. तुमची बोटं चुकली नव्हती, अण्णा. दोन हजार एकच्या लावणीत एका टिलरचं जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि तुम्ही जाईपर्यंत मी ते तुम्हाला सांगितलं नाही.

तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. दारातल्या माणसाला तुम्ही आवाजावरून ओळखायचात, पण निपल हातात आलं की तुम्हाला डोळे लागतच नसत. केवढीशी ती वस्तू, बोटाच्या पेराहून लहान. वर ग्रीसगनचं तोंड बसायला चोच आणि खाली चार-पाच आटे. जुन्याचे आटे नव्याच्या आट्यांत दातात दात घालून दाबायचे, मध्ये नख शिरतं का पाहायचं आणि मग म्हणायचं, "हे त्याचंच." कोणी घाई केली की तुम्ही मुद्दाम आणखी सावकाश करायचात. मशीनवर बसवताना तुमचा दंडक ठरलेला, तीन फेरे नुसत्या बोटांनी गेले तरच पाना हातात घ्यायचा. "बोटांनी जात नसेल तर ते त्याचं नाहीच. पान्याने काय गो, कुठेही काहीही जाईल." मी तेव्हा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन नुकती दुकानात बसायला लागले होते. हातात जाडी मोजायचा नवाकोरा व्हर्निअर, ड्रॉवरमध्ये आट्यांचा तक्ता. तुमचं ते नख फिरवणं मला मनातून अडाणीपणाचं वाटायचं. लोक माझं माप सोडून तुमच्या नखाकडे बघायचे आणि माझं डोकं फिरायचं.

तो टिलर पावसच्या रस्त्यावरच्या एका काकांचा. चिखलणी अर्धी झालेली, रोपं लावणीला आलेली, आणि रोटरीच्या बेअरिंगवरचं निपल मुळापासून मोडलेलं. मोडका तुकडा तुम्हीच हलक्या हाताने काढलात. दहा मिलिमीटरचं आणि इंची पाइपाच्या आट्याचं, ही दोन निपलं दिसायला सख्खी भावंडं. तुम्ही जुनं चाचपलंत, दहाचं एक काढून कागदावर ठेवलंत आणि म्हणालात, "हे लाव. मी जेवून येतो." आईने दोनदा हाक मारली होती, पान वाढलेलं होतं. काका समोर चहाला गेलेले. मी एकटी. मी जुन्याला व्हर्निअर लावते. पावणेदहासुद्धा भरत नाही. तक्त्यात त्या मापासमोर इंची पाइपाचा आटा लिहिलेला. जुने आटे झिजलेले, त्यांचं माप कमीच भरणार, एवढं साधं मला सुचू नये? मला सुचलं ते एवढंच की म्हातारा चुकला. तुमचं निपल मी बरणीत परत टाकते आणि इंची उचलते. दोन फेरे बोटांनी छान जातात. तिसरा जात नाही. मी पाना घेते. आणखी अर्धा फेरा, आणि कट्‌ असा आवाज होतो. बेअरिंगचं घर ठिसूळ बिडाचं, त्याला निपलापासून खालपर्यंत चीर गेली.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात. वाकलात, चिरेवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, "मीच चुकीचं दिलं की काय गो?" नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी पाना पुसत राहिले. चांगला कोरडा पाना, त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात काका आले, बघून म्हणाले, "होतं असं अण्णा. डोळ्यांनी साथ सोडल्यावर माणूस काय करणार." आणि तुम्ही, गिऱ्हाइकाला अहोजाहो करण्यापलीकडे कधी न वाकलेले तुम्ही, आपल्याच दुकानात त्यांच्यापुढे हात जोडलेत. मला ते बघवलं नाही. मी पाना जागेवर टांगला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तुम्ही कोल्हापूरला गेलात. आई ओरडत होती, "दिसत नाही तुम्हाला, तिला पाठवा." तुम्ही ऐकलं नाही. "चूक माझी, मीच जाणार." संध्याकाळी परत आलात ते बेअरिंगचं नवं घर मांडीवर धरून, मळखाऊ सदऱ्याला ग्रीसचा डाग घेऊन. काकांची लावणी पाच दिवस मागे पडली. ते भांडले नाहीत, पण टिलर पुन्हा आपल्याकडे आणला नाही. त्याच संध्याकाळी तुम्ही आटे तपासायची पात्यांची गेज ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिलीत. "आजपासून तू बघ. माझी बोटं खोटं बोलायला लागली."

पुढच्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं. भिंतीवरच्या पालीची शेपूटसुद्धा दिसते, असं तुम्ही आईला कौतुकाने सांगितलंत. मला वाटलं, आता हा माणूस परत बरण्यांजवळ येणार. नाही आलात. जुनी माणसं सवयीने निपल तुमच्यापुढे धरायची. तुम्ही ते घ्यायचात आणि नख न लावता, विस्तव धरल्यासारखं, लगेच माझ्याकडे द्यायचात. "तिला विचारा." पाच वर्षं हेच. दर वेळी वाटायचं, हे गिऱ्हाईक गेलं की सांगू. गिऱ्हाईक जायचं, दुसरं यायचं, आणि ते माझ्याकडे बघून बोलायचं.

आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे. आल्यागेल्याला ती अजून सांगते, त्या वर्षी ह्यांच्या हातातली कला गेली हो. हे पत्र तुम्हाला धाडायला आता पत्ताच नाही, पण उठून तिला वाचून दाखवता येईल. मी दाखवणार नाही. ती ओरडेल, रडेल, ते सगळं मी सोसेन. पण शेवटी ती विचारेल, मग तेव्हा का नाही बोललीस? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की घाबरले होते. तुम्हाला कोण घाबरत होतं, अण्णा? तुम्ही गेज माझ्या हातात ठेवलीत तेव्हा मला आनंद झाला होता.