पहिल्या पानापुरतं

शनिवार, ३ जुलै २०२१
आले एकदाची पेंडल हिलला! माझ्या मित्राने, हृषीकेशने, गाडीतून खोकी आणून ड्राइव्हवेवर ठेवली. लॉकडाउनमुळे आत येता येत नाही, म्हणून गेटवरूनच हात हलवून गेला. तो वेंटवर्थव्हिलला, म्हणजे हाकेच्या अंतरावरच. मागची खोली माझी. छान ऊन येतं. घरमालकीण सुनेत्राकाकूंनी गरम थालीपीठ आणि लोणी समोर ठेवलं आणि मला भरूनच आलं. कॅफे बंद पडल्यापासून एक शिफ्ट नाही, शेअर्ड घरही सुटलं. इथे भाड्याऐवजी काकूंच्या आजारी नवऱ्याकडे, प्रल्हादकाकांकडे, बघायचं, एवढंच.

गुरुवार, ८ जुलै
प्रल्हादकाका जन्मभर सर्व्हेयर होते, जमिनी मोजत फिरले. काकू सांगतात, गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांना झटका आला आणि तेव्हापासून बोलणं गेलं, हात थरथरतात, अक्षरही लिहिता येत नाही. अकरा वाजता आणि पाच वाजता त्यांना काढा द्यायचा. आलं, तुळस, मिरी आणि काकूंच्या तपकिरी बाटलीतलं काहीतरी. काका ओठ घट्ट मिटून घेतात. काकू म्हणाल्या, नाक धर, लहान मुलासारखे आहेत. धरलं. प्यायले. तुझा हात लागला की पितात हो, असं काकू म्हणाल्या. बरं वाटलं.

बुधवार, १४ जुलै
काकूंनी आज एक पेनड्राइव्ह दिला. त्यात काकांच्या आठवणी आहेत, त्यांच्या मॅकवर लिहिलेल्या. तो मॅक बिघडला आणि टाकूनही दिला. काकूंना त्या छापून काकांच्या वाढदिवसाला द्यायच्या आहेत.
माझ्या विंडोज लॅपटॉपला त्या फाइल्स ओळखूच येत नाहीत. कशाने उघडू, एवढंच विचारतो. प्रत्येक फाइलची एक जुळी फाइलही दिसते, नावाआधी टिंब असलेली, रिकामी.
हृषीकेशला फोन केला. तो म्हणाला, सोप्पंय, नावाच्या शेवटचं 'pages' काढून 'zip' कर. फाइल पाकिटासारखी उघडते. आत पहिल्या पानाचा फोटो असतो. फक्त पहिल्याच. बाकीचं वाचायचं तर मला पाठव, माझ्याकडे मॅक आहे, नो वरीज.

मंगळवार, २० जुलै
जमलं! काकूंना सात-आठ पहिली पानं वाचून दाखवली. ब्रोकन हिलची लाल माती, तंबूत शिरलेली गोआना घोरपड, मुलीचा जन्म. काकू डोळे पुसत होत्या. हृषीकेशकडून पूर्ण फाइल्स उघडून घेऊ का, असं विचारलं, तर एकदम नाही म्हणाल्या. घरचं घरात राहू दे. मग मीच त्यांना ती युक्ती शिकवली. त्यांनी ती कागदावर लिहून फ्रिजवर लावली.
मी वाचत होते तेव्हा काका माझ्याकडे एकटक बघत होते.

सोमवार, २ ऑगस्ट
मेलबर्नचा जॉब मिळाला! लॉकडाउन उठलं की निघायचं. उड्या मारतच काकूंना सांगितलं. अभिनंदन म्हणाल्या. मग कधी जाणार, असं विचारलं. पाच मिनिटांनी परत विचारलं. भांडी घासताना पुन्हा.
मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मुलगी पर्थला गेली, हेही निघालेच होते. घर रिकामं झालं की खायला उठतं, बाळा."
पाच वाजता ट्रेमध्ये दोन कप होते. कोविडचा डेल्टा पसरलाय, आता तूही घेत जा, म्हणाल्या. फार कडू.

गुरुवार, ५ ऑगस्ट
जीभ जड. आईशी बोलताना शब्द अडखळले. तिला वाटलं नेटवर्क खराब आहे. सकाळी ड्राइव्ह-थ्रूला जाऊन कोविडची टेस्ट करून आले. काकूंनीच नेलं, रिपोर्टसाठी नंबरही त्यांचाच दिला.
दुपारी काकू झोपल्या होत्या. उरलेल्या फाइल्स उघडायला बसले. शेवटच्या सहांना नावच नाही. तारीख बघितली. नोव्हेंबर २०२०. मार्चनंतर तर काकांना अक्षरही लिहिता येत नव्हतं.
पहिली उघडली. जे होतं ते जसंच्या तसं उतरवते:
"मला झटका आलेला नाही. माझं डोकं शाबूत आहे. पर्थला मुलीजवळ राहायला जातो म्हणालो, त्या आठवड्यात काढा सुरू झाला. आधी जीभ गेली, मग हात. सुनेत्रा दुपारी झोपते तेव्हा एका बोटाने टाइप करतोय. हे जो कोणी उघडेल, त्याने तिला न सांगता"
पान संपलं.
महिनाभर मी त्यांचं नाक धरतेय.

शुक्रवार, ६ ऑगस्ट
फाइल हृषीकेशला पाठवायला बसले, तर वायफाय बंद. काकू म्हणतात, नेट गेलंय. फोन चार्जिंगला ठेवला म्हणाल्या. कुठे, ते सांगत नाहीत. ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह नाही. फ्रिजवरचा कागदही नाही.
काकांजवळ गुडघ्यावर बसले. विचारलं, ते खरंय का. त्यांनी माझं बोट दाबलं. जोरात. मी माफी मागितली. त्यांनी परत दाबलं.
आज दोघांचाही काढा बेसिनमध्ये ओतला.

सोमवार, ९ ऑगस्ट
काकूंनी पाहिलं. आता समोर उभ्या राहतात, कप रिकामा होईपर्यंत. मी ढकललं, पण हातात जोर नाही. प्रेमाने तोंड पुसतात.
म्हणाल्या, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. दाखवला नाही. चौदा दिवस आयसोलेशन. गेटवर पाटी लावलीय. तिघांपैकी कुणी बाहेर जायचं नाही. कुणी आत येणार नाही —

बुधवार, ११ ऑगस्ट
पोलीस आले. आयसोलेशन पाळतोय का, त्या तपासणीला. गेटपाशीच थांबले.
काकूंनी मला खिडकीत उभं केलं, पाठीमागून धरलं. हात हलव म्हणाल्या. मी त्यांना झटकलं. भिंत धरून दारापर्यंत गेले. दार उघडलं. हेल्प म्हणायचं होतं. नुसता घशातून आवाज — लाळ. पुढे पाऊल टाकलं.
ते दोघे मागे सरकले. त्यातल्या बाईंनी तळहात दाखवला. "बॅक इनसाइड, प्लीज!" मास्क नाही माझ्या तोंडाला. पॉझिटिव्ह आहे मी.
काकू म्हणाल्या, ताप डोक्यात गेलाय, सॉरी. ते म्हणाले, गेट वेल सून. गेले.
मला उचलून आत आणलं. रागावल्या नाहीत. केस विंचरले —

१२
पेन सुटतं. सहाही फाइल्स वाचल्यात काकूंनी. सहा पहिली पानं. आता त्यांना पुढचं हवंय. कुणाला लिहिलंय, काय काय सांगितलंय. मला विचारतात. मला नाही माहीत. खरंच नाही —
माझा फोन त्यांच्या हातात. माझ्या नावाने हृषीकेशला मेसेज. वाचूनही दाखवला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. फाइल्स उघडायच्यात. मदतीसाठी एकाला आत येता येतं. तुझा मॅक घेऊन ये ना, काकू जेवायला थांब म्हणतायत.
लगेच उत्तर. उद्या अकराला.

१३
समोरच्या खोलीत ठेवलंय आम्हा दोघांना. काका रडतायत. आवाज नाही.
पाटी काढलीय गेटवरची. गाडी — त्याचीच —
खिडकी उघडत नाही. काच बडवतेय. हात लागतो, आवाजच होत नाही. तो खिडकीकडे बघून हसला. हात हलवला. खांद्याला लॅपटॉपची बॅग.
काकू दारात. ये रे बाळा, थंडी किती आहे. आधी काहीतरी गरम घे, मग काम.
ट्रेमध्ये तीन कप.
हॉलमधून त्याचा आवाज. म्हणतोय, वास मस्त येतोय काकू, माझी आजी असाच —
हृषी नको — पिऊ नको, हृषी —
काकांनी खुर्ची ढकलली. पडले. जमिनीवरून सरपटत दाराकडे — मी पण — वही इथेच — तो कप उचल