शेवाळ निघेपर्यंत

पिंपरी,
१८ मे १९८०

प्रिय आबाजी,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिसऱ्यातल्या अक्षरावरून राग कळला. वाईच्या पाठशाळेत माझी रूपं चुकली की तू पाटीवर असंच दाबून लिहायचास. मुख्याध्यापक झालास, पण हात हलका झाला नाही. मुरूडच्या तुझ्या शाळेतली संस्कृतची जागा तू माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत अडवून धरली आहेस, संस्थेची मंडळी तुला रोज टोचतात, आणि मी इथून हूं की चूं करत नाही. सगळं कबूल. फक्त आळसाने गप्प होतो असं समजू नकोस. शेवाळ घासत होतो.

थट्टा नव्हे. आमचे साहेब यशवंतराव दिवाळीनंतर जर्मनीहून एक वेड घेऊन आले. तिथल्या कंपनीत दारातच काचेच्या टाकीत समुद्र मांडलेला होता: खारं पाणी, प्रवाळ, रंगीत मासे. झालं! आमच्याकडेही हवा, आणि एक जूनला तेच जर्मन करारावर सही करायला येतील तेव्हा चकचकीत हवा. फेब्रुवारीत सहा फुटी टाकी आली. मालवणाकडून प्रवाळ धरलेले खडक आले. पाणी तर कंपनीचा टेम्पो तुझ्याच किनाऱ्यावरून पिंपांत भरून आणतो. देखरेखीला कोण, तर कामगारांच्या नोटिसा मराठीत करणारा हा कारकून. कारण टाकीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक लॅटिन नावांनी भरलेलं होतं, आणि साहेबांच्या मते लॅटिन ही संस्कृतची सख्खी बहीण. त्या मावशीपायी मी माशांचा पालक झालो.

मार्चात तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. बावीस वर्षं भोंग्यावर उठलो, ही गेल्यापासून चाळीतल्या खोलीत भिंतींशी बोललो. आता चार पोरांना शब्द चालवून दाखवावेत, संध्याकाळी तुझ्याशी वाद घालावा, एवढंच मागणं होतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि खणात टाकला. म्हणाले, ‘टाकी स्वच्छ करून द्या, त्याच दिवशी सही करतो.’ मला वाटलं, आठ दिवसांचं काम!

आधी काचेवर तपकिरी साय धरली. ती पुसली तर हिरवे केस उगवले, बोटभर लांब, खडकाखडकावर. ते उपटले तर वाळूवर लालसर बुळबुळीत चादर पसरली. आपल्या काव्यांत शैवाल नेहमी कमळाची शोभा वाढवतं. त्या कवींनी कधी टाकी घासली नसावी. मी टाकीवरच्या दिव्यांच्या सहापैकी चार ट्यूब बंद केल्या. तीन दिवस काळं कापड पांघरलं. दात घासायच्या ब्रशने खडक घासले, नळीने वाळूवरचा गाळ ओढून काढला, दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदललं. टेम्पोवाल्याकडून तुझ्या खडकांवरच्या गोगलगायी मागवल्या. त्या बिचाऱ्या खाऊन खाऊन लठ्ठ झाल्या, पण हिरवळ त्यांच्याहून जोरात. पुस्तक एकच सांगत होतं: खाणं जास्त पडतंय. मी तर चिमूटभर घालायचो, नंतर दिवसाआड घालू लागलो. तरी दोन मासे दगावले. टाकी ठेवली आहे त्या खोलीला खिडकी नाही. हवा गार करणारं यंत्र घरघरत असतं, आणि काचेपलीकडून एक पिवळा मासा तोंड उघडून मिटून माझ्याकडे बघत असतो. आमच्यात आत कोण, हे मला दर वेळी नीट ठरवता यायचं नाही.

दहा तारखेच्या शनिवारी पहिल्या शिफ्टच्याही आधी पोचलो. टाकीपाशी आमच्या झाडूवाल्या गिरजाबाई उभ्या होत्या, पदराच्या गाठीत कणकेच्या गोळ्या. एकेक गोळी पाण्यात सोडत होत्या, वर हात जोडत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत, उलट मलाच झापलं: ‘आळंदीच्या घाटाव सासूबाई रोज माशांस्नी घालायच्या. ह्यांनी काय पाप केलंय वं? काचंत कोंडलं म्हून उपाशी मारायचं व्हय? तुमी तर चिमटीनं घालताय!’ टाकी आली त्या दिवसापासून हा नेम चालू होता, एकादशीला दुप्पट. म्हणजे तीन महिने मी शेवाळ काढत होतो आणि त्या पुण्य करत होत्या.

समजावलं. त्यांना पटलं नाही, पण थांबल्या. तोवर कोणीतरी साहेबांच्या कानावर ‘माणूस सापडला’ एवढं घातलं होतं. सोमवारी बोलावणं आलं: नाव सांगा, आजच्या आज घरी बसवतो. गिरजाबाईंचा नवरा फौंड्रीतल्या धुळीने खोकत घरी बसलाय, मागे तीन मुली. मी म्हणालो, कणीक मीच घालत होतो, अज्ञानाने. साहेबांनी विचारलं, ‘अर्जुनराव, तुम्हाला कणीक मळता येते?’

खोटं बोलायलाही अभ्यास लागतो रे, आणि तो आपल्याला कोणी शिकवला नाही. साहेब वाईट माणूस नव्हे. त्यांना फक्त सौदा चटकन दिसतो. पहाटे तिथे झाडायला कोण असतं ते त्यांनी ओळखलंच होतं. म्हणाले, बाई राहतील, पण मग तुम्हीही राहाल. जर्मनांशी करार तीन वर्षांचा, तोवर टाकी तुमची. तुम्ही गेलात तर त्याही जातील. मी होकार दिला. बाईंना यातलं काही माहीत नाही, आणि कळू द्यायचंही नाही. माझ्यासमोर साहेबांनी राजीनामा खणातून काढून फाडला. फार नीट फाडला, चार सारखे तुकडे.

काच आता स्वच्छ आहे. पलीकडची भिंत दिसते. म्हणून हे पत्र. माझी वाट बघू नकोस, जागा उद्याच भर. तुझ्या शाळेत लहान वर्गांना शिकवणाऱ्या कुसुमताई एम.ए. आहेत आणि संस्था त्यांना वरचे वर्ग देत नाही, असं तूच लिहिलं होतंस, त्यांच्यासाठी भांड. माझ्यासाठी तीन महिने भांडलास, त्यांच्यासाठी तीन दिवस पुरतील. पन्नाशीनंतर तीन वर्षांचे वायदे करू नयेत, तेव्हा तसं काही लिहीत नाही. आणि अर्जुन का आला नाही असं संस्थेच्या मंडळींनी विचारलंच, तर सांग, त्याला समुद्राची हवा मानवत नाही.

तुझाच,
अर्जुन