संध्याकाळी तुटणारी तार

आई, गेल्या महिन्यात अक्काच्या घरातला फ्यूज काढताना तुझी आठवण आली आणि मग ती गेलीच नाही. म्हणून लिहायला बसलोय. शाळेपेक्षा रंकाळ्यावरच जास्त शिकलेला मी, तेव्हा गाडी इकडं-तिकडं गेली तर सांभाळून घे.

आबांनी केबलचा धंदा काढला तेव्हा सगळी गल्ली आपल्या माळ्यावरच्या मशिनीला जोडलेली. शाळा सुटली की पोरं टीव्हीपुढं, तालमीतला कुस्तीचा हौदा ओस. आणि दिवस कलला की लाईन जायची. रोज. शेजारचे काका दारात येऊन ओरडतात, "काय वो वैनी, आजबी गेली व्हय?" तू भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणतेस, "तार तुटलीया. मालक हुडकाय गेल्यात." "रोज कशी तुटती?" "माकडं लई झाल्यात." आपल्या गल्लीत माकड कुणी पाहिलेलं नव्हतं. पण तोवर पोरं बाहेर पडलेली असायची, लगोरी रचलेली असायची, आणि आबा हातात पक्कड घेऊन या गच्चीवरून त्या गच्चीवर फिरताना दिसायचे. त्या पक्कडीची एक मूठ लाल होती, एक काळी. दुसरी कुठून आणली देव जाणे. असो.

एकदा भोवरा शोधत माळ्यावर आलो तर तू बटणापाशी उभी, मशिनीचा दिवा विझलेला. तू तोंडावर बोट ठेवलंस आणि माझ्या मुठीत शेंगदाणे कोंबलेस. तेवढ्यात जिन्यातून आबांचा दबका आवाज, "झालं का गं बंद? निघू का पक्कड घेऊन?" म्हणजे तेही सामील! तुझी आवडती मालिकासुद्धा त्याच वेळेला असायची, हे मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मी मधे बेळगाव केलं, पुणं केलं, कुठं टिकलो नाही ते सोड, आता अक्काकडंच असतो. गेल्या दिवाळीत अक्काच्या पोरीला मीच कॉम्प्युटर जोडून दिला. त्यावर ती झकास चित्रं काढायची. मग गेम आले. पडद्याकडं बघत जेवायची, हाकेला ओ नाही, मैत्रिणी दारातून परत जायच्या. शेवटी अक्का भडकली, "तूच आणलास न्हवं हा डबा? रविवारच्या आत उचल, न्हायतर विकून टाकती." पोरगी रडून लाल. विकला असता तर चित्रंही गेली असती आणि मायलेकींचं बोलणंही.

तेव्हा तू आठवलीस. तू एकट्या कुणाच्या पोराची केबल कधी काढली नाहीस. सगळ्यांची जायची, तुझीसुद्धा, म्हणून कुणाला शिक्षा झाल्यासारखं वाटायचं नाही. संध्याकाळी मी सरळ फ्यूज काढला. मॅच बघत बसलेले दाजी ओरडले. "लोडशेडिंग," मी म्हणालो. पोरगी खिडकीत गेली. "मामा, शेजारी हाय की लाईट!"

सापडलो. मग तिला सगळं सांगितलं, माकडांसकट. पोट धरून हसली. "आज्जी लई डेंजर होती की!" दाजी कुरकुरले, "अगं, पण माझी मॅच?" "माकडानं नेली," पोरगी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी अक्का तिच्याबरोबर हसली.

रविवार येऊन गेला, कॉम्प्युटर जागेवर आहे. रोज संध्याकाळी फ्यूज आता पोरगीच मला काढायला लावते. सगळ्यांचे मोबाईल भाकरीच्या डब्यात जातात. कधी आम्ही गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जातो, डोळ्यांसमोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध पितो. पोरीला मिशी येते, दाजींची पांढरी होते. कधी नुसतेच दारात बसतो.

आत्ता उजेड आहे तोवर ती हा कागद मागतेय. मागच्या कोऱ्या बाजूवर तिला गच्चीवरचे आबा काढायचेत. देतो, नाहीतरी हे टाकणार कुठल्या पेटीत. एकच सांगायचं राहिलं. या सगळ्यात चुळबुळ सगळ्यांत जास्त मलाच होते. मघाशी कुणाचा फोन येऊन गेला का बघायला हळूच डब्याचं झाकण उचललं, तर पोरगी मान वर न करता म्हणाली, "मामा, तार तुटलीया."