पैजेचं बारावं घर

सर, काल याडी बोलता बोलता ‘परंतु’ म्हणाली.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि माझ्या याडीला सही येत नाही, ती अंगठा देते. घरात ती आमची बोली बोलते (इथं मी ती मराठीतच लिहितेय), कळमनुरीच्या बाजारात मिरच्या विकताना तिथली मराठी बोलते, आणि दोन्हीकडं तिचं ‘पर’वर भागतं. ‘परंतु’ पुस्तकात असतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलेय. दुपारी ओट्यावर पुठ्ठ्यावर पट्टीनं रेघा मारत बसले होते, ती समोर मिरच्यांचे देठ खुडत होती, आणि तो शब्द ऐकून माझा हात जागेवरच थांबला. त्यानंतर तिनं जे सांगितलं त्यातून मी अजून भानावर आलेली नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर चिडून हे लिहितेय. असं कुणी करतं का हो?

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, शेंडा ना बुडखा, हे कसलं पत्र. मी आठवीत होते त्या वर्षी तुम्ही वाचनाची पैज लावली होती. शाळेची लायब्ररी म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेली. प्रत्येकाला एकेक पुठ्ठा देऊन त्यावर बारा चौकोन आखायला लावलेत. त्यांना तुम्ही घरं म्हणायचात, आणि एकेका घराला एकेक अट. नदी असलेलं पुस्तक. आपल्या आजोबाच्या वयाचं पुस्तक. वाळवीनं खाल्लेलं पुस्तक. नाव बघूनच नको वाटतं असं पुस्तक. ज्यात कुणीतरी पोटभर जेवतं असं पुस्तक. एका पुस्तकावर एकच घर, दोन भरायची नाहीत. बारा घरं जो आधी भरेल त्याला कपाटातलं एक पुस्तक कायमचं. मला लहानपणापासून वाचनाची ओढ होती असं आता लोक म्हणतात, मीही मान हलवते. कसली ओढ! मला पैज जिंकायची होती. गावातली पोरं आम्हाला ‘तांड्याची’ म्हणून मागच्या बाकावर रेटायची, त्यांच्या नाकावर टिच्चून मला पहिलं यायचं होतं, बस्स.

त्यामुळं मी पुस्तक कसं निवडायचे ते ऐका, आता सांगायला हरकत नाही. कपाटासमोर उकिडवी बसून आधी जाडी बघायची, मग अक्षर केवढं ते, मग चित्रं किती, आणि मग ते कुठल्या घरात कोंबता येईल ते. वाळवीवाल्या घरासाठी मी अख्खं कपाट उपसून असं पुस्तक शोधलं की ज्याचा निम्मा भाग वाळवीनंच संपवला होता. वाचायला उरली तीस-चाळीस पानं. आजोबाचं वय घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून जे पिवळं दिसलं ते त्या घरात ढकललं. जेवणासाठी नुसती पानं चाळत पंगत हुडकली. पण तुमच्यापुढं यायची पाळी आली की ही कोंबाकोंबी चालायची नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायचात, आम्ही पुस्तकात काय आहे ते सांगायचं, आणि शेवटी तुमचा ठरलेला एकच प्रश्न: ‘कोण रडलं? आन काहून?’

नदीच्या घराची गंमत आठवते ना? मी सिद्धेश्वर धरणाच्या पाटपाण्याची एक सरकारी पुस्तिका आणली होती, चौदा पानांची. तुम्ही ती उलटीपालटी करून पाहिलीत आणि शांतपणे विचारलंत, ‘कोण रडलं?’ मी ठोकून दिलं, ‘शेवटच्या चारीवरचा माणूस रडला सर, पाणी त्याच्यापर्यंत आलंच न्हाई.’ तुम्ही म्हणालात, ‘हे ह्याच्यात लिव्हलंय?’ मी म्हणाले, ‘न्हाई सर, माझ्या मामाच्या गावात हाय.’ तुम्ही इतके हसलात की सुपारीचं खांड घशात अडकलं, शिपायानं पाठीत बुक्क्या घातल्या. मला वाटलं, जिंकलं. तर डोळे पुसत म्हणालात, ‘हसलो म्हंजी टिक मिळाली आसं न्हाई. जा, दुसरी नदी आण.’ मी पाय आपटत गेले. खोट्यावर टिक नाही म्हणजे नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला.

बाराव्या घराची अट होती: घरातल्या मोठ्या माणसानं वाचलेलं पुस्तक. तुम्ही ती फळ्यावर लिहीत होतात तेव्हा तुमची पाठ आमच्याकडं होती, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. पाटलांच्या, दुकानदारांच्या पोरांनी खाली माना घालून लिहून घेतलं. आम्ही मागच्या बाकांवरची पोरं एकमेकांकडं बघत राहिलो. तुमच्या स्वतःच्या घरी सगळे वाचणारे, तुमच्या ध्यानातच आलं नाही. बाकीच्यांनी ते घर कोरं सोडलं. पण माझी अकरा झाली होती सर, आणि पाटलाच्या पोराचीही अकरा झाली होती! मी कपाटातलं होडीचं चित्र असलेलं जाडजूड तपकिरी पुस्तक उचललं, चार दिवस दप्तरात फिरवलं, एक पान उघडलं नाही. मोठ्या माणसानं वाचायचंय ना, मग मी कशाला डोळे फोडू? पाचव्या दिवशी तुमच्यापुढं उभी राहिले. ‘सर, हे माझ्या याडीनं वाचलं.’ तुम्ही वर पाहिलंत. ‘याडीनं?’ ‘व्हय सर.’ ‘कोण रडलं?’ मी मुखपृष्ठाकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘नावाडी.’ ‘काहून?’ ‘होडी बुडली त्याची.’ अडकित्ता तसाच उघडा राहिला तुमच्या हातात. रागावला नाहीत, हसला नाहीत. म्हणालात, ‘पुस्तक ठेव हितं. तुझं घर मी मागून भरतो.’

मग किती दिवस गेले. मी रोज तुमच्या टेबलाशी घुटमळायचे, तुम्ही ‘थांब जरा’ म्हणायचात. त्यात घरी वेगळाच ताप. बाजाराच्या दिवशी याडी दिवेलागणीच्या आत घरी यायची, ती आता अंधार पडल्यावर यायला लागली. भाकरी मला थापाव्या लागायच्या, मी आदळआपट करायचे. विचारलं तर म्हणायची, ‘गिऱ्हाईक लई व्हतं.’ दीडेक महिन्यानं एका सकाळी तुम्ही वर्गात आलात, काही न विचारता माझा पुठ्ठा घेतला आणि बाराव्या घरात ठसठशीत टिक मारलीत. पाटलाच्या पोराच्या घरी पुस्तक वाचणारे तिघं होते, पण त्याला ‘कोण रडलं’ सांगता आलं नव्हतं. पहिली मी! आणि बक्षीस काय दिलंत? कपाट उघडून मला निवडू द्यायचं ठरलं होतं, तर तुम्ही स्वतःच तेच होडीवालं पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. मला मनातून इतका संताप आला! मी ते घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकलं.

आणि आता ते सांगते, जे आठवून कालपासून माझी कानशिलं तापलीत. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत शोकसभा झाली. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, मला बोलायला उभं केलं. सगळे रडत होते, म्हणून मी हा किस्सा सांगितला. म्हणाले, ‘सरांना कुणीच फसवू शकलं नाही, मी एकदाच गंडवलं,’ आणि याडीच्या वाचनाची सगळी गंमत रंगवून सांगितली. लोक रडता रडता हसले. मला बरं वाटलं. सभा संपल्यावर तुमच्या मंडळी माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात धरून म्हणाल्या, ‘तुझ्या आईच्या मिरच्या लई खाल्ल्या गं आमी. त्या वर्षी ह्यांनी डबेच्या डबे भरून टाकले, ठसका लागून लागून जीव गेला.’ मला वाटलं, दुःखात बाई काहीतरी बोलतायत. मी मान हलवली आणि एसटी पकडली.

काल मी तोच जुना पुठ्ठा समोर ठेवून माझ्या वर्गासाठी नवा आखत होते. माझ्या शाळेतही निम्मी पोरं तांड्यांची. याडीला एकेक घर मोठ्यानं वाचून दाखवत होते, ती हसत होती. अकरा झाली. मी म्हणाले, ‘हे बारावं मी गाळून टाकते. आपल्या पोरांच्या घरी कोण वाचतंय?’ याडीचा हात थांबला. ‘काहून गाळती? ते तर माझं घर हाय.’ मी म्हणाले, ‘तुझं कसलं?’ तर ती देठ खुडत खुडत, जणू चुलीवर काय शिजलंय ते सांगावं तसं बोलायला लागली. ‘नावाडी दर दिशी लोकायला नदीपार न्यायचा. मंग गवंडी आला पूल बांधायला. नावाड्यानं त्याला घरात ठिवून घेतलं, बायकूनं भाकर घातली. पूल झाला. लोकं पुलावरून जाऊन राहिले. परंतु नावाडी रोज होडी घेऊन एकलाच पार जायचा आन वापस यायचा.’ सर, ‘परंतु’! ‘नावाडी न्हाई रडला,’ ती म्हणाली. ‘गवंडी रडला. त्यानं नावाड्याच्याच घरची भाकर खाल्ली व्हती ना.’

‘तुला कुणी सांगितलं हे?’ मी विचारलं. ‘तुझ्या मास्तरनं. वाचून दाखिवलं की समदं. सात बाजार.’ शाळा सुटल्यावर सायकल हाणत तुम्ही कळमनुरीला जायचात, तिच्या मिरच्यांच्या ढिगामागं रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसायचात आणि वाचायचात. गिऱ्हाईक आलं की ती म्हणायची, ‘थांबा मास्तर,’ आणि तुम्ही पानात बोट घालून थांबायचात. ठसका लागायचा, डोळ्यातून पाणी यायचं, बाजूची लसणावाली म्हणायची, मास्तर लई हळवा हाय. चौथ्या बाजारापासून लसणावाली ऐकायला सरकून बसायला लागली, मग मडकीवाली. पूल झाला तिथं मडकीवालीनं गवंड्याला अशी शिवी हासडली म्हणे की तुम्ही पुस्तक मिटून घेतलंत. उठताना, फुकट बसलो असं नको म्हणून दर वेळी मिरच्या घ्यायचात. शेवटच्या बाजारी तुम्ही याडीला विचारलंत, ‘कोण रडलं? आन काहून?’ तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पुठ्ठ्यावर टिक.

मी विचारलं, ‘इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?’ तर म्हणते, ‘शबूद दिल्ता. पैल्याच दिशी मास्तर म्हणले, बाई, चूक माझी हाय. अर्ध्या वर्गाच्या दाराला म्याच कुलूप लावलं आन लेकरायला म्हणलं, जा आत. तुमची पोरगी खोटं बोलली, पर तिला चारचौघात खोटं पाडलं तर ती परत पुस्तकाला शिवायची न्हाई. तवा तिचं बोलणं आपुन दोघं खरं करू. तिला सांगू नका.’ मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘आता तू ते घरच मोडाया निघाली, म्हणून बोलले.’

सर, भरल्या सभेत, तुमच्या बायकोसमोर, मी टाळ्या घेतल्या तुम्हाला गंडवलं म्हणून! तुम्ही खोट्यावर टिक मारली नव्हती. ते खरं होईपर्यंत टिक हातात धरून बसला होतात, सात आठवडे, मिरच्यांचा ठसका सोसत. मला का नाही मारलंत? एक कानाखाली दिली असतीत तर एव्हाना विसरून गेले असते. हे कसं विसरू?

आज सकाळी उठून पहिल्यांदा पेटी उपसली. पुस्तक आहे. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, मोजल्या, सहा निघाल्या. सातवी कशाला लागेल, तिथं पुस्तकच संपतं. चौथ्या खुणेच्या पानावर लाल बोटं उठलीत, ती तुमची का याडीची, सांगता येत नाही. मी ओट्यावर ते मांडीवर घेऊन बसले तेव्हा याडी आतून आली, पदराला हात पुसत शेजारी टेकली, होडीच्या चित्रावरून बोट फिरवलं. नवा पुठ्ठा तिथंच होता, बारावं घर मी तिच्यासमोर शाईनं लिहून काढलं, अटीखाली ‘ऐकलेलंही चालेल’ असं जोडलं. ती खूश झाली. मग सहज म्हणाली, ‘तू तर तवाच वाचून काढलं आसंल. बक्षीसच व्हतं तुला.’

‘व्हय,’ मी म्हणाले.

तेच पुस्तक, तेच खोटं, आणि आता ते खरं करायला बाजारात येऊन कुणी बसणार नाही. हे पत्र कुठं पाठवायचं ते काही मला माहीत नाही, म्हणून पुस्तकातच ठेवतेय, पहिल्या खुणेपाशी. दुपारपर्यंत तिथवरच वाचून झालंय. पुस्तकात अजून कुणी रडलेलं नाही.