दहा लाख तीन

माण, ५ एप्रिल २००७

प्रिय शैलेश,

प्रिय लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. तीन वर्षं आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलास, माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्यास, आणि जाताना आमच्या ह्यांच्या हातावर आकडा ठेवून गेलास. दहा लाख तीन. म्हणालास, बहिरूकाका, ह्याला पुरता भाग जाणारा आकडा शोधून ठेवा. तू गेलास बंगलोरला. आकडा हितंच हाय. ताटापुढं, अंथरुणात, कॅलेंडरच्या मागल्या कोऱ्या बाजूला.

तुला गंमत वाटली असंल. जमीन विकल्यापासनं ह्या माणसाला सकाळी उठून जायला जागा न्हाई, हे तू बघत होतास. खोल्यांच्या भाड्यावर पोट भरतं, हात रिकामे राहतात. ह्यांनी दोनापासनं धरलं. सातानं भागलं, चार उरले. अकरानं चार, तेरानंबी चार. ह्यांच्या जमिनीच्याबी चार भावांत वाटण्या झालेल्या, तवा ह्यांना वाटलं ही काहीतरी खूण हाय. मग सतरानं बारा उरले, तर दोन दिवस धड जेवले न्हाईत. मी म्हणलं, न्हाई भागत तर न्हाई, सगळ्याच्याच वाटण्या कशाला करायच्या. तर म्हणाले, शैलेशनं दिलाय, उगीच देणार न्हाई.

मी चौथी शिकलेली. शेवटी लाज सोडून विश्राम गुरुजींना घरी बोलावलं. त्यांनी चहा निवायच्या आत सांगितलं, ही मूळ संख्या हाय, एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणीच भागत न्हाई. आणि हजाराच्या पुढं बघायचं कारणच नव्हतं, दोन्ही आकडे हजारावरचे घेतले तर गुणाकार हिच्या पुढं जातो. ह्यांनी हजार दिवाळीतच ओलांडलेलं. कुठं थांबायचं तेवढं तू सांगितलं न्हाईस.

मला वाटलं, सुटलो. ह्यांनी मान हलवली, गुरुजींना फाटकापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वहीत चार हजार एकशे सातानं भागायला घेतलेलं. तवा मला उमगलं. ह्यांना समजलं न्हाई असं न्हाई. लई चांगलं समजलंय.

डॉक्टरांनी छातीच्या ऑपरेशनची तारीख दोनदा दिली. दोन्ही वेळेला हे म्हणाले, "एवढा आकडा होऊ दे." पाय सुजल्यात, तुझ्या खोलीच्या पायऱ्या आता चढवत न्हाईत. भांडून झालं, रडून झालं. वही लपवली तर भिंतीवर कोळशानं लिहिलं. ह्यांना भीती ऑपरेशनची हाय, आणि दडायला जागा तू दिलीस. तिसरी तारीख मंगळवारची, सतरा एप्रिल. डॉक्टर म्हणाले, आता पुढची मागू नका. तुझा जुना फोन लागत न्हाई, हा पत्ता तुझ्या वडलांकडनं घेतलाय. माझं हे ऐकत न्हाईत, गुरुजींचं न्हाई. आकडा तू दिलास, तूच परत घे. तुझ्या हातानं लिही की काका, झालं, थांबा. न्हाईतर स्वतः ये आणि हाताला धरून गाडीत बसव. काय करतोस ते मला चौदा तारखेच्या शनिवारपर्यंत कळलं पाहिजे.

टपालाच्या वाटंकडं डोळे लावून बसलेली,
तुझीच,
सुलक्षणाकाकू